गटात न बसणारा कोयता

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचा एक प्रश्नप्रकार असतो, 'गटात न बसणारे पद ओळखा'. साताऱ्या-सांगलीकडं ज्याच्या घरात या परीक्षेला बसणारं पोरगं आहे त्याला हे सांगायला नको, दिवाळी उरकली की सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे घरात येऊन पडतात आणि परीक्षा होईपर्यंत दुसरा विषय नसतो. मी वाळवा तालुक्यात एका खेडेगावातल्या पोरांची ही तयारी घेतो. एकदा फळ्यावर लिहिलं: कुऱ्हाड, करवत, कोयता, ओंडका. सोप्पा प्रश्न, उत्तर ओंडका, कारण बाकीची तिन्ही हत्यारं.

एक पोरगं म्हणालं, "सर, कोयता."

मी म्हटलं चूक, नीट बघ. त्यानं नीट बघितलं आणि म्हणाला, "कोयताच की सर. कोयता उसाचा. बाकीची समदी लाकडाची हायती."

मी ते खोडून ओंडका लिहायला लावलं आणि वर 'विचार करून लिहीत जा' असं सुनावलंही. रात्री जेवताना लक्षात आलं की विचार तर त्यानंच केला होता. त्याच्या घरची ऊसशेती, दरवर्षी टोळी येते, फडात दिवसभर कोयते चालतात, मोळ्या बांधल्या जातात, वाढं बैलांपुढं पडतं. लाकूड फोडायचं काम वेगळं, त्याची हत्यारं वेगळी, ती ठेवायची जागासुद्धा वेगळी. त्यानं वस्तू कामाप्रमाणं लावल्या, मी नावाप्रमाणं लावल्या. त्याचं उत्तर चूक ठरवायला माझ्याकडं उत्तरसूची सोडली तर दुसरं काही कारणच नव्हतं, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं की जवळपास हाच प्रश्न नव्वदएक वर्षांपूर्वी उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना विचारून झालाय. अलेक्झांडर लुरिया नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ साली तिकडच्या खेड्यांत गेला होता. त्याच्यामागं डोकं होतं लेव्ह वायगोत्स्कीचं, जो स्वतः क्षयानं आजारी असल्यामुळं जाऊ शकला नाही आणि १९३४ मध्ये सदतिसाव्या वर्षी गेलाच. लुरियानं चित्रं दाखवली, हातोडा, करवत, ओंडका, कुऱ्हाड, आणि विचारलं यातलं वेगळं काय. अक्षरओळख नसलेले शेतकरी म्हणाले, सगळी एकाच कामाची आहेत, कापायला करवत, फोडायला कुऱ्हाड, आणि ओंडकाच काढला तर ही हत्यारं चालवायची कशावर? त्याच भागातले जे लोक थोडे दिवस का होईना शाळेत जाऊन आले होते, सामुदायिक शेतीच्या कामात पडले होते, त्यांनी मात्र पटकन ओंडका बाजूला काढला. वायगोत्स्कीचं म्हणणं होतं की विचार करायची पद्धत डोक्यात तयार होऊन येत नाही, आजूबाजूची माणसं, भाषा, हत्यारं, रोजची कामं यांतून ती मुलाच्या आत उतरते. लुरियाला ते डोळ्यासमोर दिसलं. पण हे सगळं सविस्तर छापायला त्याला १९७४ साल उजाडावं लागलं.

आता इथं एक घसरण आहे आणि लुरियाचा पायही त्यावर थोडा घसरला असं माझं मत आहे. ती म्हणजे ओंडका काढणारा पुढारलेला आणि न काढणारा मागासलेला असं ठरवून टाकणं. लायबेरियातल्या क्पेले लोकांमध्ये नंतर काही अमेरिकन संशोधकांनी काम केलं, त्यातल्या जोसेफ ग्लिकनं सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका शेतकऱ्यापुढं खायच्या वस्तू, हत्यारं, भांडी अशा बऱ्याच वस्तू मांडल्या आणि गट पाडायला सांगितले. त्यानं संत्र्याशेजारी सुरी ठेवली, कारण सुरीनं संत्रं कापतात, आणि म्हणाला शहाणा माणूस असंच लावेल. मग विचारलं की मूर्ख माणूस कसं लावेल? तर त्यानं झटक्यात खायचं एकीकडं, हत्यारं एकीकडं, भांडी एकीकडं असं लावून दाखवलं, अगदी आपल्या उत्तरसूचीप्रमाणं. म्हणजे त्याला येत होतं. त्याच्या लेखी ते शहाणपण नव्हतं एवढंच.

माझं म्हणणं यावरच उभं आहे. आपण शाळांतून, क्लासमधून, निकालाच्या तक्त्यांतून जे 'कच्ची मुलं', 'अप्रगत मुलं' असे शिक्के मारतो त्यातली पुष्कळ पोरं कच्ची नसतात. ती एका रीतीनं शिकून आलेली असतात आणि आपण दुसऱ्या रीतीनं विचारतो, आणि ही रीत दुसरी आहे हे त्यांना कुणी सांगतच नाही.

गणिताचं बघा. आमचे आजोबा चौथी शिकलेले, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. साडेबारा रुपयांनी अठरा किलो माल विकला तर कागद लागायचा नाही, "अठरा दाहे एकशेऐंशी, अठरा अडीचं पंचेचाळीस, दोनशे पंचवीस दे." तेच मी पोरांना आडवा गुणाकार मांडून, दशांशचिन्ह सरकवून शिकवतो आणि निम्मी पोरं चिन्ह चुकीच्या जागी टाकतात. आजोबांची रीत ही सुद्धा संस्कृतीनं घडवलेलं एक हत्यारच होतं, आपल्या बाजारानं, आपल्या भाषेतल्या सव्वा-दीड-अडीच या शब्दांनी घडवलेलं. दीड आणि अडीच यांना एकेका शब्दात स्वतःचं नाव आहे म्हणून त्यांचे पाढे होऊ शकले. आपण ते हत्यार दोन पिढ्यांत हरवून बसलो आणि त्याचं कुणाला फारसं दुःखही झालं नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पोरांचा अभ्यास १९८५ साली छापून आला. पोरं पाचच होती, ९ ते १५ वयाची. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले, एक नारळ पस्तीसला तर दहा कितीला? पोरगं म्हणालं तीनचे एकशेपाच, आणखी तीनचे दोनशेदहा, अजून चार हवेत, म्हणजे तीनशेपंधरा, मग साडेतीनशे. बाजारात अशा ६३ प्रश्नांतले ९८ टक्के बरोबर आले. नंतर त्याच पोरांना तीच गणितं नुसती आकड्यांत, शाळेसारखी घातली तर बरोबर फक्त ३७ टक्के. पोरं तीच, गणितंही तीच. आणि हे लांबचं उदाहरण वाटत असेल तर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम बघा, २०२५ च्या सुरवातीला आलं, आपल्याच कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात कामाला असलेल्या मुलांवरचं. बाजारातली पोरं तोंडी हिशोब सफाईनं करतात आणि शाळेच्या मांडणीत अडकतात. पण मला जास्त टोचलं ते दुसरं, शाळेतल्या पोरांना बाजाराचा हिशोब जमेना. म्हणजे कच्चं कोण? दोन्हीकडची पोरं अर्धी शिकलीत आणि मधला पूल बांधायचं काम आपलं होतं, शिक्षकांचं, पुस्तकं करणाऱ्यांचं, परीक्षा काढणाऱ्यांचं.

पुलाची एक साधी गोष्ट करायला गेलं की काय होतं तेही आपण बघितलंय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या 'साठ सात' अशाही वाचाव्यात असं आलं आणि केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेला, बालभारतीच्या गणित समितीचं काम बघणाऱ्या मंगला नारळीकरांसारख्या आयुष्यभर गणितात रमलेल्या बाईंना काय काय ऐकून घ्यावं लागलं. मराठी बुडाली म्हणून ओरड. सदुसष्ट म्हणताना आपण सात आधी बोलतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो, दुसरीतलं पोरगं इथं अडखळणारच, ७६ आणि ६७ ची अदलाबदल मी दर वर्षी बघतो. चिनी भाषेत अकराला 'दहा एक' म्हणतात आणि तिथली लहान मुलं दहाच्या पुढची मोजणी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर पकडतात हे मोजून दाखवलेलं आहे. एवढं लांबही जायला नको, आपल्याच जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी पोरं आहेत, ती इप्पत्तोंदु म्हणतात, वीस आणि एक, ऐवत्तमूरु म्हणतात, पन्नास आणि तीन. एकाच जिल्ह्यातली दोन पोरं, एकाला त्रेपन्न फोडून बघावं लागतं, दुसऱ्याच्या तोंडात ते फोडूनच आलेलं असतं. माझं मत विचाराल तर त्रेपन्न, सदुसष्ट हे शब्द राहिलेच पाहिजेत, त्याशिवाय आजीची गोष्ट कळणार नाही आणि बाजारात भाव कळणार नाही. पण शिकताना सुरवातीला 'साठ सात' ची शिडी लावली तर भाषेचं काय नुकसान होणार होतं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

नुसतं गणितच नाही, मन कसं घडतं त्यातही हेच. मुलापुढं एक खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. अमेरिकेत स्टॅनफर्डला सुरू झालेला हा प्रयोग आता पालकांच्या मेळाव्यात सर्रास सांगितला जातो, जो थांबतो तो आयुष्यात यशस्वी होतो वगैरे. मग २०१७ मध्ये कॅमेरूनमधल्या न्सो जमातीच्या शेतकरी घरांतली चार वर्षांची मुलं आणि जर्मनीतल्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं यांची तुलना आली. न्सो मुलांतली जवळपास ७० टक्के थांबली, जर्मन मुलांतली २८ टक्के. पुढं २०२२ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या मुलांचा अभ्यास आला, त्यात जपानी मुलं खाण्यासाठी जास्त थांबली आणि अमेरिकन मुलं गुंडाळलेली भेटवस्तू उघडायला जास्त थांबली. कारण जपानी घरात सगळ्यांच्या पुढं ताट आल्याशिवाय जेवायला सुरवात करत नाहीत, आणि अमेरिकेत भेटवस्तू ठरलेल्या दिवशीच उघडायची असते. संयम नावाची काही पिशवी प्रत्येक मुलाजवळ जन्मतः कमी-जास्त भरलेली असते असं नसतं, कशासाठी थांबायचं हे घर शिकवतं.

आपल्या घरातलं आठवा. गणपतीत मोदकाचं ताट तयार आहे, वास घरभर सुटलाय, आणि तीन-चार वर्षांचं पोरगं हात मागं बांधून उभं, कारण अजून आरती व्हायचीय, नैवेद्य दाखवायचाय. त्याला कुणी संयमावर व्याख्यान दिलेलं नसतं. आजी फक्त म्हणते, "आधी देवाला." रोजच्या जगण्यातून हे इतकं मुरतं की आपल्याला ते शिक्षण वाटतच नाही. आणि तेच पोरगं दुकानात कुरकुऱ्यांसाठी फरशीवर लोळतं, कारण दुकानापुढं थांबायची रीत आपल्या घरानं अजून घडवलेलीच नाही.

शिकण्याची आपली एक जुनी रीत बघायची असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन उभं राहावं. शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी दीडशेहून जास्त वर्षं सतारी आणि तानपुरे घडवले, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं पोरगं आधी नुसतं बसतं, भोपळा कसा निवडतात ते बघतं, मग घासायला मिळतं, मग पॉलिशला, आणि जवारी काढायचं, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवायचं काम हातात यायला कित्येक वर्षं जातात. शेजारी मोठं माणूस बसलेलं असतं, त्याचा हात लागला तर आज जमतं, उद्या हात न लागता जमतं. वायगोत्स्कीनं मुलाला एकट्यानं काय येतं यापेक्षा आधार मिळाल्यावर काय येतं ते बघा म्हणून सांगितलं, त्याचं तिथं रोज चाललेलं असतं. आमच्या परीक्षेत मात्र शेजारच्याकडं बघितलं तरी ती कॉपी.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आपली जुनी संस्कृती थोर आणि शाळा वाईट असंच ना? बिलकुल नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय. ज्या आजीनं 'आधी देवाला' शिकवलं त्याच घरानं 'त्या वस्तीवरच्या पोराच्या हातचं पाणी पिऊ नको' हेही न बोलता शिकवलं. मुलीला मान खाली घालून बोलायला, भावाचं ताट आधी वाढायला त्याच रीतीनं शिकवलं, बघून बघून. मूल जे मुरवतं त्यात अमृत आणि विष वेगळं करून घेत नाही. सावित्रीबाई शेजारच्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, त्यांनी मुलींना शिकवायला सुरवात केली तेव्हा अंगावर शेण टाकणारेही आपल्याच संस्कृतीत शिकून मोठे झाले होते.

म्हणून मला या सगळ्यात सगळ्यात मोठे वाटतात ते कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि तिथं सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग चालवलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस नाव मिळालं. पोरं एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची, शेतात राबायची आणि शिकायची, धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. आपण या गोष्टी जयंतीच्या भाषणात ऐकतो आणि हात जोडून मोकळे होतो. पण शिकण्याच्या बाजूनं बघा त्यांनी काय केलं. जात पाळू नये असा धडा वाचून घेतला नाही, जात पाळताच येणार नाही असं रोजचं जगणं रचलं. एकाच पातेल्यातली आमटी, एकाच पाटातलं पाणी भरणं, रोज, वर्षानुवर्षं. आणि कामाची लाज वाटू नये म्हणून 'कमवा आणि शिका', म्हणजे खेड्यातलं पोरगं हातात जे घेऊन आलं होतं, नांगर, खुरपं, राबायची सवय, ते शाळेच्या दाराबाहेर ठेवून ये असं त्याला कुणी म्हटलं नाही. घरचं चांगलं आत घेतलं आणि घरचं वाईट बाहेर ठेवलं. संस्कृती माणसाला घडवते हे मानसशास्त्र सांगतं, पण माणसं ठरवून नवी संस्कृती घडवू शकतात हे आमच्याच भागानं करून दाखवलंय.

आणि आज आम्ही काय करतोय? गावात पहाटे पिवळ्या गाड्या येतात, तीन वर्षांचं पोरगं झोपेतच आत टाकलं जातं आणि दिवसभर ज्या भाषेत घरात कुणी रागवत नाही की लाड करत नाही त्या भाषेत रंगांची नावं पाठ करतं. आईबापांना मी दोष देत नाही, त्यांना पोटासाठी इंग्रजी लागणार हे दिसतं आणि ते खरंही आहे. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळं शिकणंच इंग्रजीतून सुरू करणं वेगळं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं, आणि तरी आमच्याकडं जिल्हा परिषदेची खोली रिकामी आणि गाडी भरलेली. हे पोरगं पुढं शिष्यवृत्तीच्या तयारीला माझ्यासमोर बसतं तेव्हा त्याला कोयता उसाचा हेही माहीत नसतं आणि ओंडका का वेगळा हेही सांगता येत नाही, चारातला एक गोळा काळा करायचा एवढं मात्र पक्कं येतं.

शाळेची रीत शिकायलाच पाहिजे यात मला शंका नाही. वस्तू कामापासून सुट्या करून नावाप्रमाणं लावता आल्याशिवाय वनस्पतीशास्त्र नाही, कायदा नाही, कॉम्प्युटर नाही. उझबेक शेतकऱ्याला जे येत नव्हतं ते येणं ही ताकद आहे, ती आमच्या पोरांना मिळालीच पाहिजे आणि परीक्षेत त्यांनी ओंडकाच काळा करावा हे मी त्यांना सांगणारच. पण ते बुद्धीचं एकमेव माप म्हणून सांगणार नाही. सराव प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना, जिल्ह्यातल्या केंद्रशाळांच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की वर्षातून निदान काही चाचण्यांत प्रश्नाखाली दोन ओळी रिकाम्या सोडा, 'का?' म्हणून. तपासायला वेळ लागतो, मला माहितीय, चाळीस पोरांचे कागद वाचायला माझी पूर्ण संध्याकाळ जाते.

आता मी फळ्यावर दोन रकाने पाडतो, एकावर 'घरचा गट', दुसऱ्यावर 'शाळेचा गट'. परवा लिहिलं होतं गाय, म्हैस, शेळी, वैरण. मागच्या बाकावरची एक पोरगी, जी महिनाभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती, ती उठून म्हणाली, "शेळी. गाय-म्हस वैरणीवर ऱ्हाती. शेळीला बाभळीचा पाला लागतोय, ती दाव्याला थांबत न्हाय."

मी विचारलं, "आणि शाळेचा गट?"

"वैरण की," ती म्हणाली आणि खाली बसली.